घास अडकण्याचा आजार आणि नात्यातलं लग्न : पार्श्वभूमी

जत-आटपाडीकडून मिरजेला दाखवायला आलेला अकॅलेशियाचा, म्हणजे अन्ननळीच्या तळाची झडप सैल न झाल्याने घास अडकण्याच्या आजाराचा, पेशंट बहुधा आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन आलेला असतो. वजन उतरलेलं, म्हणून घरच्यांनी कॅन्सर धरलेला. रात्री आडवं झालं की खाल्लेलं तोंडात येऊन ठसका लागतो, म्हणून कुणी टीबीही तपासलेला. खरी खूण वेगळीच असते. कॅन्सरमध्ये आधी भाकरी अडकते आणि पुढे पातळ अडकू लागतं. इथे पाणीसुद्धा सुरुवातीपासून अडकतं. एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम पाजून फोटो काढला की अन्ननळी वर फुगलेली आणि खाली चोचीसारखी निमुळती दिसते.

हा आजार जुना आहे. १६७४ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून पेशंटचं अन्न जठरात ढकलल्याची नोंद आहे. तिथून १९१३ सालच्या स्नायू कापण्याच्या ऑपरेशनपर्यंत आणि पुढेही बराच काळ सगळा विचार झडप उघडण्याचाच झाला. झडप सैल करणाऱ्या चेतापेशी अन्ननळीच्या भिंतीतून का मरतात, हा प्रश्न मागेच राहिला.

जनुकांचा धागा सापडला तो लहान मुलांमुळे. १९७८ मध्ये दोन कुटुंबांतल्या भावंडांत अकॅलेशिया, रडताना अश्रू न येणं आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आढळली. त्यालाच ट्रिपल ए सिंड्रोम म्हणतात. २००० साली बाराव्या गुणसूत्रावर त्याचं जनुक सापडलं. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडतं, आणि दोघेही वाहक (एक बिघडलेली प्रत असूनही स्वतः निरोगी) असतील तर प्रत्येक खेपेला ही शक्यता २५ टक्के असते.

इथेच आपल्याकडचा वाद सुरू होतो. सांगली-साताऱ्यात मामाची मुलगी करणं नवं नाही. सख्ख्या मामे-आतेभावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे अशी दुर्मिळ प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. म्हणून ट्रिपल ए असलेल्या मुलाच्या बाबतीत नात्याचा प्रश्न विचारायलाच हवा. पण चाळिशीतल्या माणसाला घास अडकू लागला की तोच ठपका त्याच्या आईबापाच्या लग्नावर ठेवतात, आणि बोलणी खाते ती बहुतेक आईच. ते चूक आहे. मोठेपणीचा अकॅलेशिया वर्षाला लाखात साधारण एकाला होतो आणि एकाच घरात दोघांना झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. २०१४ मध्ये एचएलए-डीक्यू या प्रतिकारशक्तीच्या जनुकातला एक फरक या आजाराशी जोडला गेला, पण त्याने धोका वाढतो एवढंच. तो फरक असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. शिवाय तो अभ्यास युरोपीय पेशंटांचा. दक्षिण युरोपात हा फरक जास्त आणि उत्तरेत कमी दिसतो, तेव्हा ते आकडे आटपाडीला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

घास अडकवणाऱ्या इओसिनोफिलिक इसोफॅगायटिस या अन्ननळीच्या अ‍ॅलर्जीच्या आजाराचंही असंच. १९९० च्या दशकात तो वेगळा ओळखला गेला आणि पुढे त्याचीही जनुकं सापडली. पण जुळ्यांच्या अभ्यासात जनुकांपेक्षा एका घरात वाढण्याचा वाटा मोठा निघाला.

मग जनुक तपासणी कुणाची करायची? प्रत्येक पेशंटची करण्यात अर्थ नाही. लहान मुलाला घास अडकत असेल तर आईला आधी एवढंच विचारावं : रडताना डोळ्यांत पाणी येतं का? अंग काळवंडलंय का, साखर उतरून झटके आलेत का? उत्तरं संशयास्पद असतील तर आधी कॉर्टिसॉल हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक तपासायचं, कारण ती ग्रंथी कमी पडत असताना तसंच ऑपरेशन केलं तर भूल दिल्यावर किंवा नंतर मूल दगावू शकतं. कॉर्टिसॉल साध्या रक्ततपासणीत कळतं. जनुकाचा रिपोर्ट मागाहून आला तरी चालतो. त्याचा खरा उपयोग पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला देताना होतो.