चार स्पीकरच्या जुन्या रेकॉर्ड आता ऐका, आत्ता कुठे त्या नीट वाजायला लागल्यात

क्वाड्राफोनिक म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि प्रत्येकातून वेगळा आवाज. सत्तरच्या दशकात अशा रेकॉर्ड भरपूर निघाल्या, पण कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या, मिसळलेले आवाज परत वेगळे काढणारी यंत्रं, म्हणजे डिकोडर, कच्चे होते आणि काही वर्षांतच सगळं गुंडाळलं गेलं. मला मनापासून वाटतं की या रेकॉर्डना तेव्हा न्याय मिळालाच नाही, कारण जे काम तेव्हाच्या सर्किटला झेपत नव्हतं ते आज घरातला कॉम्प्युटर आरामात करतो.

मुळात रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच, म्हणजे चॅनेलही दोनच, त्यात चार बसवायचे कसे? सीबीएसची एसक्यू आणि सान्सुईची क्यूएस या पद्धतींनी चार आवाज दोनात मिसळले. एसक्यूत मागचे दोन आवाज फेज, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते, ९० अंशांनी सरकवून डाव्या-उजव्यात घातलेले असतात आणि डिकोडर त्या फेजच्या फरकावरून ते परत वेगळे काढतो. पण चाराचे दोन केल्यावर पुन्हा पूर्ण चार मिळत नाहीत, गणितच तसं आहे, म्हणून साध्या एसक्यू डिकोडरवर पुढचा आवाज मागेही ऐकू यायचा, फक्त ३ डेसिबलने कमी, आणि ३ डेसिबल म्हणजे पॉवर जेमतेम अर्धी, त्यामुळे गाणारा समोर आहे का मागे तेच कळायचं नाही. मग लॉजिक डिकोडर आले, ते त्या क्षणी जो आवाज जोरात असेल त्याच्याकडे सगळं वळवायचे, साहजिकच बाकीची वाद्यं इकडेतिकडे हलायची. आजचं सॉफ्टवेअर आवाजाचे फ्रिक्वेन्सीनुसार बारीक पट्टे करून प्रत्येकाचा वेगळा निर्णय घेऊ शकतं, त्यामुळे बासरी मागे आणि तबला पुढे, दोन्ही एकाच वेळी आपापल्या जागी राहू शकतात.

जेव्हीसीची सीडी-४ (ही चकचकीत सीडी नव्हे, रेकॉर्डचीच पद्धत) मला सगळ्यात हुशार वाटते. प्रत्येक भिंतीवर पुढच्या आणि मागच्या आवाजाची बेरीज नेहमीसारखी कोरलेली आणि त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर, म्हणजे ती वाहून नेणाऱ्या वेगळ्या लहरीवर, माणसाच्या कानाच्या पलीकडे. दोन्ही मिळाले की साध्या गणिताने पुढचा-मागचा सुटा होतो. मात्र साध्या गोल टोकाच्या पिनला इतकी बारीक कोरीव खाच वाचताच येत नाही, वर ती घासून खराबही होते, म्हणूनच शिबाता नावाची खास आकाराची पिन निघाली, ती आजही मिळते, तीच लावा. टर्नटेबलची केबल कमी कपॅसिटन्सची, म्हणजे विद्युतभार कमी साठवणारी हवी, नाहीतर वरची फ्रिक्वेन्सी तिथेच मरते. आणि डिजिटल करताना सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घ्यायची ते, ९६ किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त ठेवा, ४४.१ ठेवलंत तर साधारण २२ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही, कॅरिअर गेला की मागचे चॅनेल वेगळे काढता येत नाहीत.

एमपी३ तर अजिबात करू नका, फेजची वाट लागते, आणि मॅट्रिक्स रेकॉर्डमध्ये, म्हणजे एसक्यू-क्यूएससारख्या चाराचे दोन केलेल्यांत, मागच्या आवाजांची खूण मुख्यतः फेजमध्येच आहे. रिसीव्हरचे आपोआप सराउंड करणारे मोडही बंद ठेवा, त्यांचं गणित एसक्यूपेक्षा वेगळं आहे, मागून आवाज येतो खरा पण चुकीच्या जागी.

एवढा खटाटोप नको असेल तर मूळ टेपवर चार ट्रॅक सुटेच असतात, त्यावरून काही अल्बम एसएसीडी (जास्त चॅनेल मावणारी खास सीडी) आणि ब्लू-रेवर परत आलेत, तिथे डिकोडिंगचा प्रश्नच नाही. फक्त ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफरच्या घरगुती रचनेत, मागचे स्पीकर जवळजवळ बाजूला, समोरच्या मध्यापासून ११० अंशांवर असतात, ते १३५ च्या आसपास मागे सरकवा, आणि सेंटर स्पीकर या मिक्समध्ये नाहीच, तो गप्प राहिला म्हणून सेटिंग शोधत बसू नका.