टार्गेट सिलेक्टर (माइनक्राफ्ट)

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये कमांड (खेळाला टाइप करून दिलेली आज्ञा) नेमकी कोणावर चालवायची हे ठरवणारी, @ या चिन्हाने सुरू होणारी खूण. २०१२ मध्ये कमांड ब्लॉकसोबत, म्हणजे कमांड चालवणाऱ्या ठोकळ्यासोबत, ती आली. @पी म्हणजे सर्वांत जवळचा खेळाडू, @ए म्हणजे सगळे खेळाडू, @आर म्हणजे त्यांतला कोणीही एक. कमांड चालवणाऱ्यालाच गाठणारा @एस २०१७ चा. खेळात ही अक्षरे रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

सगळी ताकद आणि सगळा धोका आहे तो २०१४ मध्ये आलेल्या @ई मध्ये. त्यात झोंबी आणि गायी येतातच, शिवाय जमिनीवर पडलेल्या वस्तू, बाण, खाणीतली गाडी आणि खेळाडूसुद्धा येतात. नुसते 'किल @ई' लिहिले की आसपासच्या गुराढोरांबरोबर लिहिणाराही मरतो. म्हणून चौकटी कंसात अटी घालतात.

समजा, फोंड्यातल्या मुलांनी दिवाळीला खेळातच नरकासुर करायचा ठरवला. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात; खेळातला झोंबीही उघड्यावर असला तर ऊन पडताच आपसूक पेटतो, तेव्हा भूमिकेला तोच शोभतो. (डोक्यावर शिरस्त्राण चढवले तर मात्र लगेच पेटत नाही.) पण रात्री भोवती इतरही झोंबी भटकत असणार, आणि 'टाइप=झोंबी' एवढीच अट त्या सगळ्यांना लागू होते. अशा वेळी 'टॅग @ई[टाइप=झोंबी,सॉर्ट=निअरेस्ट,लिमिट=१] ॲड नरकासुर' या कमांडने जवळच्या एकावरच शिक्का मारायचा. पुढे 'किल @ई[टॅग=नरकासुर]' फक्त त्यालाच लागते. जावा आवृत्तीत (संगणकावरची मूळ आवृत्ती) टॅगचे नाव रोमन लिपीतच द्यावे लागते. 'नेम' या अटीत मात्र अवतरणचिन्हांत देवनागरी नाव चालते.

'डिस्टन्स=..१०' ही अट दहा ब्लॉकांपर्यंतचेच लक्ष्य धरते, पण हे अंतर कमांड जिथून चालते तिथून मोजले जाते. कमांड ब्लॉक अंगणातल्या तुळशीवृंदावनाखाली पुरला असेल, तर मोजणी तिथून; खेळाडू कुठे उभा आहे याला महत्त्व नाही. बेडरॉक आवृत्तीत (मोबाइल, कन्सोल वगैरेंवरची) याच कामाला 'आर=१०' लिहितात आणि 'लिमिट' ऐवजी 'सी'.

जावा आवृत्तीत 'किल' देण्याआधी त्याच सिलेक्टरवर 'ग्लोइंग' हा इफेक्ट देऊन पाहावा. निवडलेल्या जिवांची कड भिंतीआडूनही चमकते. एका नरकासुराच्या जागी दोन चमकले, तर मागच्या खेळातला टॅग काढायचा राहून गेला आहे.