अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे: मालकी राज्याची, अट वॉशिंग्टनची

अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी विद्यापीठाचे शुल्कपत्रक पाहिले, तर बहुधा एकाच अभ्यासक्रमासमोर दोन आकडे दिसतात. एक आकडा राज्याच्या रहिवाशासाठी असतो आणि दुसरा बाहेरच्यासाठी, आणि हा दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट असला तरी तिथे कोणाला त्याचे नवल वाटत नाही. बाहेरचा म्हणजे केवळ पुण्याहून किंवा नागपूरहून गेलेला विद्यार्थी नव्हे. शेजारच्या ओहायोतून मिशिगन विद्यापीठात आलेला अमेरिकी नागरिकही याच दुसऱ्या रकान्यात बसतो. आर्थिक साहाय्याच्या तक्त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, अनुदानाला आणि कर्जाला राज्याच्या सीमेशी काही कर्तव्य नसते. विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी आहे की नाही, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. म्हणजे शुल्क ठरते राज्याच्या कायद्याने आणि ते भरण्याची सोय होते संघीय कायद्याने. एकाच विद्यार्थ्याच्या हिशेबात ही दोन सरकारे कशी आली, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीनुसार जे अधिकार संघाला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात, आणि त्यामुळे विद्यापीठे काढणे व चालवणे हे राज्यांचे काम ठरले. नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जिया ही राज्ये त्यात पुढे होती. न्यू हॅम्पशायरने वेगळी वाट धरून डार्टमथ हे खासगी महाविद्यालयच सरकारी करण्याचा प्रयत्न केला. परंतु संस्थेची सनद हा करार असून राज्याला तो मोडता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८१९ मध्ये दिला. तेव्हापासून स्वतःच्या ताब्यातले विद्यापीठ हवे असलेल्या राज्याला ते स्वतःच्या कायद्याने उभे करणे भाग पडले.

वॉशिंग्टनकडे, म्हणजे संघीय सरकारकडे, विद्यापीठांवरचा अधिकार नव्हता, पण जमीन अमाप होती. व्हरमाँटचे प्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांनी ती जमीन राज्यांना महाविद्यालयांसाठी देण्याचे विधेयक आणले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी १८५९ मध्ये ते घटनाबाह्य ठरवून परत पाठवले. पुढे यादवी युद्ध सुरू झाले, विरोध करणारे दक्षिणेतले सदस्य काँग्रेस (अमेरिकेची संसद) सोडून गेले आणि २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी त्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर, असा हिशेब होता. ज्या राज्यांत सरकारी जमीन शिल्लक नव्हती त्यांना जमिनीऐवजी दुसरीकडची सरकारी जमीन मिळवून देणारी हक्कपत्रे मिळाली. ती विकून भांडवल उभे करायचे आणि त्याच्या व्याजावर शेती, यंत्रविद्या व लष्करी कवायत शिकवणारे महाविद्यालय चालवायचे, अशी अट होती. सगळी हक्कपत्रे एकदम बाजारात आल्याने भाव कोसळला आणि बहुतेक राज्यांनी ती मिळेल त्या किमतीला फुंकून टाकली. न्यूयॉर्कमध्ये एझ्रा कॉर्नेल यांनी मात्र घाई केली नाही. त्यांनी या हक्कपत्रांवर विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगले घेतली आणि कालांतराने त्यातून त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला मोठा निधी मिळाला. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी जिथे डॉक्टरेट मिळवली ते कॉर्नेल हेच. ही सुमारे एक कोटी एकर जमीन मूळ रहिवाशांच्या सुमारे अडीचशे जमातींकडून तहांनी, नाममात्र मोबदल्यात किंवा सरळ बळजबरीने घेतलेली होती. हा तपशील विद्यापीठांच्या गौरवग्रंथांत फार काळ आला नाही.

मॉरिल कायद्याने एक रीत घालून दिली, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास हा त्या रीतीचाच विस्तार आहे: हुकूम द्यायचा नाही, पैसा द्यायचा आणि त्याला अट बांधायची. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यात या रीतीची ताकद आणि तिची लबाडी दोन्ही दिसतात. प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या राज्याला पैसा मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. पण काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे महाविद्यालय काढून निधी ‘न्याय्य’ रीतीने वाटला, तर भेदभाव होत नाही असे मानण्याची सोयही त्यातच होती. सतरा राज्यांनी ती सोय वापरली. वाटणी खरोखर न्याय्य होते का, हे तपासण्याची तसदी वॉशिंग्टनने क्वचितच घेतली.

(शिक्षण, संशोधन आणि विस्तारकार्य एकाच छताखाली ठेवण्याचा या महाविद्यालयांचा साचा स्वतंत्र भारताने कृषी विद्यापीठांसाठी स्वीकारला. १९६० मध्ये पंतनगर आणि १९६८ मध्ये राहुरी ही त्याच वंशावळीतली विद्यापीठे.)

पैसा संस्थेच्या हाती न देता विद्यार्थ्याच्या नावे देण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आली. १९४४ च्या ‘जीआय बिला’ने परतलेल्या सैनिकाला वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचे शुल्क आणि वर निर्वाहभत्ता दिला, कुठे शिकायचे ते त्याने ठरवायचे होते. १९४७ मध्ये महाविद्यालयांत दाखल झालेल्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्याच जुन्या महाविद्यालयात बसून उच्च शिक्षण कायद्यावर सही केली आणि शिष्यवृत्त्या व सरकारी हमीची कर्जे सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी खुली झाली.

खरा वाद १९७२ मध्ये झाला. पैसा थेट विद्यापीठांना द्यावा, असा ओरेगॉनच्या प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांचा आग्रह होता, तर तो गरजू विद्यार्थ्याच्या पाठोपाठ जावा, असे ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे म्हणणे होते. पेल जिंकले आणि त्या अनुदानाला पुढे त्यांचेच नाव लागले. त्याच कायद्यात लिंगभेदाला मनाई करणारे, मूळ इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे ‘टायटल नाइन’ होते, आणि तेही संघीय पैसा घेणाऱ्या संस्थांपुरतेच होते. पैसा विद्यार्थ्याला मिळाला तर संस्थेला अट लागू होते का, हा प्रश्न १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लागू होते, पण केवळ आर्थिक साहाय्याच्या विभागापुरती, असे न्यायालय म्हणाले. त्यावर १९८८ मध्ये काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून कायदा केला आणि संपूर्ण संस्था अटीखाली आणली.

पेल यांच्या विजयाची दुसरी बाजू राज्यांच्या अंदाजपत्रकांत दिसली. वॉशिंग्टन विद्यार्थ्याला पैसे देणारच असेल, तर विद्यापीठाचे अनुदान कापून शुल्क वाढवणे हा मंदीत सापडलेल्या राज्याला सर्वांत सोपा मार्ग वाटू लागला. कॅलिफोर्नियाच्या १८६८ च्या विद्यापीठ कायद्यात रहिवाशांना मोफत शिक्षणाचे वचन होते आणि १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यानेही ते तत्त्व कायम ठेवले होते. तिथेही सत्तरच्या दशकात शुल्क आले. फक्त बराच काळ त्याला शिकवणीचे शुल्क म्हणायचे टाळले गेले. त्या दशकाच्या मध्यास पेल अनुदानाच्या कमाल रकमेत चार वर्षांच्या सरकारी महाविद्यालयाचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च भागत असे. आज ती कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि त्यात जेमतेम एक तृतीयांश भागतो. उरलेला भार कर्जावर गेला. दिवाळखोरीतून ते कर्ज माफ होण्याची वाट काँग्रेसने टप्प्याटप्प्याने अरुंद केली: १९७६ मध्ये परतफेड सुरू झाल्यापासून पाच वर्षे थांबण्याची अट, १९९० मध्ये सात वर्षांची, आणि १९९८ पासून विशेष हलाखी सिद्ध केल्याशिवाय सुटकाच नाही. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची, पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केली.

रहिवासी कोणाला म्हणायचे, हे ठरवणे मात्र राज्यांच्याच हाती राहिले होते. १९९६ मध्ये काँग्रेसने त्यातही हात घातला: बेकायदा वास्तव्य असलेल्याला राज्यातील निवासाच्या आधारे सवलत द्यायची असेल, तर ती देशातल्या कोणत्याही नागरिकाला द्यावी लागेल, असे कलम केले. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये त्यातून वाट काढली. कॅलिफोर्नियाने निवासाऐवजी राज्यातल्या शाळेत किमान तीन वर्षे काढून तिथूनच उत्तीर्ण होणे हा मुख्य निकष केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आपल्या राज्याचा कायदा वैध ठरवला. टेक्सासच्या कायद्यात मात्र शाळेच्या निकषात राज्यातल्या निवासाचीही सरमिसळ होती. ४ जून २०२५ रोजी संघीय न्याय विभागाने टेक्सासवर दावा लावला, राज्याच्या महाधिवक्त्यांनी त्याच दिवशी तो मान्य केला आणि न्यायाधीशांनी त्याच दिवशी बेकायदा वास्तव्य असलेल्यांसाठीची ती तरतूद रोखली. विधिमंडळाचे अधिवेशन दोनच दिवसांपूर्वी संपले होते, आणि ती तरतूद रद्द करणारे विधेयक त्यात मंजूर झालेले नव्हते.