लॅब काळा घ्यावा की पिवळा? शिकारी जातींच्या कुत्र्यांच्या रंगाविषयी

आमच्या ठाणे शहरातल्या कुत्रा-प्रशिक्षण केंद्रावर शिकायला येणारी बरीच कुत्री मुळात शिकारी जातींची असतात. लॅब्रडॉर सर्वांत जास्त, मग गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, कॉकर स्पॅनियल, कधी पॉइंटर, कधी कारवान. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथे ही कुत्री डमी (शिकारीच्या पक्ष्याऐवजी फेकायची सरावाची वस्तू) उचलून आणायला, वासाचा माग काढायला आणि हाकेसरशी थांबायला शिकतात. पिल्लू घेण्याआधी सल्ला विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न मात्र बहुतेक वेळा रंगाचा असतो. काळा जास्त हुशार का? चॉकलेट हट्टी असतो का? पांढऱ्याला ऊन कमी लागते का?

आमचे मत सरळ आहे. नाक, पाय आणि शिकण्याची हौस यांचा रंगाशी संबंध नाही. काही रंगांमागचे जनुक मात्र कान आणि कातडी बिघडवू शकतात, आणि ते पैसे देण्याआधीच तपासायला हवे.

रंगाचा उपयोग कोणाला होता

शिकारीच्या मैदानात रंग महत्त्वाचा होता तो मुख्यतः माणसाच्या डोळ्यांसाठी. पॉइंटर पक्ष्याचा वास येताच जागच्या जागी थिजून उभा राहतो. उंच गवतात तो सापडावा म्हणून पांढऱ्यावर तपकिरी किंवा लिंबोणी ठिपक्यांची कुत्री पसंत केली गेली. बीगलच्या शेपटीचे टोक पांढरे असते, त्यामुळे कुत्रा झुडपात शिरला तरी ते वर हलताना दिसते. याच्या उलट चेसापीक बे रिट्रीव्हर. पाणथळीत बदकांची वाट बघत बसणाऱ्या या कुत्र्याचा रंग भोवतालच्या सुक्या गवताशी, चिखलाशी मिळताजुळता असावा, असे त्याच्या जातीच्या प्रमाणातच, म्हणजे जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनातच, म्हटले आहे. तरीही दबा धरून बसलेल्या कुत्र्याच्या रंगापेक्षा त्याची चुळबुळ पक्ष्यांना आधी दिसते. स्थिर बसायला शिकलेला पिवळा लॅब चुळबुळ्या काळ्यापेक्षा केव्हाही बरा.

लॅबचे तीन रंग येतात कुठून

जातीच्या प्रमाणात लॅबचे रंग तीनच: काळा, पिवळा आणि चॉकलेट. फिकट सायीच्या रंगापासून कोल्ह्यासारख्या लालसर छटेपर्यंत सगळे ‘पिवळा’ याच नावाखाली येतात. यामागे मुख्यतः दोन जनुक आहेत. एक ठरवतो की गडद रंग काळा बनेल की तपकिरी. दुसरा ठरवतो की तो गडद रंग केसांत उतरेल की नाही. उतरला नाही तर कुत्रा पिवळा. म्हणून एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्ले होऊ शकतात, आणि एकाच आईबापांची काळी-पिवळी भावंडे स्वभावाने रंगानुसार वेगळी निघतील असे मानायला काही आधार नाही.

यातून कागदपत्रे पडताळायची एक सोपी युक्ती मिळते. दोन पिवळ्या लॅबना फक्त पिवळीच पिल्ले होतात. दोन चॉकलेट लॅबना काळे पिल्लू होत नाही. चॉकलेट होतील किंवा तपकिरी नाकाची पिवळी. विकणारा आईबाप दोघेही पिवळे दाखवत असेल आणि तुमच्या हातात काळे पिल्लू देत असेल, तर दोघांपैकी किमान एक खरा पालक नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा कागद हातात असला तरी हे एकदा ताडून पाहा.

चॉकलेटबद्दल थोडे सविस्तर

ब्रिटनमधल्या ३३,००० हून अधिक लॅब्रडॉरच्या दवाखान्यातल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चॉकलेट लॅबचे मध्यक आयुष्य १०.७ वर्षे निघाले, बाकी रंगांचे १२.१ वर्षे. कानाचा दाह चॉकलेटमध्ये २३.४ टक्के, पिवळ्यात १७ टक्के, काळ्यात १२.८ टक्के. ओलसर, लाल, केस झडलेले चट्टे, ज्यांना हॉटस्पॉट म्हणतात, तेही चॉकलेटमध्ये अधिक आढळले.

तपकिरी रंग स्वतः कान बिघडवतो असा याचा अर्थ लगेच काढू नका. चॉकलेट पिल्लू हवे तर आईबाप दोघांकडूनही तो जनुक यावा लागतो, म्हणून रंगामागे लागलेले ब्रीडर थोड्याच कुत्र्यांत पुन्हा पुन्हा जोड्या लावतात आणि रंगासोबत बाकीचे दोषही एकवटतात. हट्टीपणाचेही तसेच. परदेशात कामाच्या घराण्यांत काळे आणि पिवळे अधिक जोपासले गेले, चॉकलेट दिखाव्यासाठी अधिक. फरक दिसला तर तो घराण्याचा. चॉकलेट घरात असेल तर जून ते सप्टेंबर दर दोन-तीन दिवसांनी कान उघडून वास घ्या, आणि पावसात भिजून आल्यावर मानेखालचा आणि शेपटीच्या बुडाचा भाग कातडीपर्यंत कोरडा करा. वरवर पुसलेल्या दाट अंगात ओल अडकते, हॉटस्पॉटची सुरुवात तिथेच.

जास्तीचे पैसे मागणारे रंग

‘सिल्व्हर’, ‘चारकोल’, ‘शॅम्पेन’ लॅब म्हणून जी पिल्ले विकली जातात, त्यांत रंग फिका करणारा जनुक आईबाप दोघांकडून आलेला असतो. शुद्ध लॅबमध्ये तो कुठून शिरला यावर जगभर वाद आहे. अशा काही कुत्र्यांत पाठीवरचे केस विरळ होत जातात आणि कातडीला वारंवार संसर्ग होतो. पिल्लू गुबगुबीत दिसते. केस जातात ते बहुतेक सहा महिन्यांनंतर, तोवर विकणारा फोन उचलत नाही. यावर कायमचा इलाज नाही.

मर्ल म्हणजे राखाडीवर काळे डाग. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चारातले एक पिल्लू दुहेरी मर्ल निघते: जवळपास पांढरे, आणि बहिरेपणा किंवा डोळ्यांतले जन्मदोष असण्याचा धोका मोठा. अशी जोडी लावणाऱ्याकडून कोणत्याच रंगाचे पिल्लू घेऊ नका.

पांढऱ्या रंगाचेही पथ्य आहे. आतल्या कानात रंगपेशी नसतील तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरतात. डाल्मेशियनमध्ये हे सर्वाधिक दिसते, आपल्याकडच्या पांढऱ्याशुभ्र राजपालयम जातीतही आढळते. पिवळ्या लॅबला हा धोका नाही, त्याचा फिकेपणा वेगळ्या जनुकाचा. घरी तपासायचे तर पिल्लू झोपलेले असताना मागून, जमिनीला धक्का न देता आणि वारा न लावता किल्ल्या वाजवा. टाळी नको; हवेचा झोत लागतो आणि बहिरे पिल्लूही दचकते. एक कान चालू असेल तर ही चाचणी फसते. तसे पिल्लू जागे होते, पण आवाज कुठून आला ते त्याला कळत नाही आणि ते भलतीकडे बघते. खात्रीसाठी बेअर नावाची श्रवणचाचणी असते, ती साधारण सहाव्या आठवड्यापासून करता येते.

ऊन, दमट हवा आणि गोचीड

उन्हात काळा कोट हाताला जास्त तापलेला लागतो, हे खरे. पण काळ्या आणि पिवळ्या लॅबना सारख्याच उन्हात चालवून शरीराच्या आतले तापमान मोजले गेले तेव्हा रंगामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याकडे खरा शत्रू दमटपणा. कुत्रा धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून थंड होतो, आणि मे महिन्यात घोडबंदर रोडला किंवा वाशीत ती ओल उडतच नाही. त्यात वजन जास्त असेल तर पिवळा असो की काळा, दोघांनाही सारखाच त्रास. व्यायाम सकाळी सातच्या आत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या वर गेले तर तो उष्माघात समजा. आधी अंगावर साधे गार पाणी ओता, पंखा लावा, मग दवाखान्यात न्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. तापमान ३९.५ पर्यंत उतरले की पाणी थांबवा.

गुलाबी नाकाच्या, फिक्या पापण्यांच्या कुत्र्याचे नाक मात्र उन्हाने भाजते. माणसाचे झिंक असलेले सनस्क्रीन लावू नका, तो ते चाटणार आणि झिंक पोटात जाणे धोक्याचे.

काळ्या आणि चॉकलेट अंगावर गोचीड दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि पट्ट्याखाली हात फिरवा. संध्याकाळी सर्व्हिस रोडला काळा कुत्रा रिक्षावाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून चमकणारा पट्टा त्याला सक्तीचा. येऊरच्या बाजूला अंधारात कोणत्याच रंगाचा कुत्रा मोकळा सोडू नका, बिबट्याचा वावर आहे. खाडीकाठी फ्लेमिंगोंच्या मागे सोडणे तर सोडाच.

डमीचा रंग मात्र बघा

कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट ओळखता येतो, लाल-हिरव्यातला फरक नाही. हिरव्या गवतात पडलेली भगवी डमी तुम्हाला लख्ख दिसते, त्याला गवतासारखीच. म्हणून फेकताना दिसावी आणि पडल्याची जागा लक्षात राहावी यासाठी काळी-पांढरी डमी घ्या. भगवी वापरायची ती वासावर शोधायला लावताना, लपवलेली जागा तुम्हाला आठवावी म्हणून. बाजारात सगळ्यांत जास्त भगवीच मिळते, आणि ‘आमचा लक्षच देत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा तीच असते. लॅबच्या तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला साधारण २०० ते २५० ग्रॅमची मऊ डमी, मोठ्याला ५०० ग्रॅमची.

पिल्लू ठरवण्याआधी विकणाऱ्याकडून या गोष्टी मागा: दोन्ही पालकांच्या नितंबाच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे, आणि लॅब असेल तर व्यायामाने कोसळण्याच्या आजाराची व डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराची जनुकचाचणी. चाचणी झालेली नसेल तर गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेता येतो: आधी अर्धा तास खाणे-दूध बंद, प्रत्येक बाजूला २० सेकंद घासायचे, कापूस सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते आणि नमुना वाया जातो.