पार्श्वभूमी : मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर आणि ‘थेट’ उड्डाणाचा घोळ

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ सुमारे १६ तास असे सांगितले जाते. हा वेळ विनाथांबा उड्डाणाचा आहे, आणि असे उड्डाण अलीकडचे आहे. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले पहिले भारतीय प्रवासी विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आल्यावर ती सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत वाढली. मधले टप्पे गाळून एअर इंडिया या तेव्हाच्या राष्ट्रीय कंपनीचे पहिले विनाथांबा विमान १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला निघाले.

खरा घोळ ‘थेट’ या शब्दाचा आहे. विमान व्यवसायात उड्डाण क्रमांक एकच राहिला की वाटेत विमान उतरले तरी ते उड्डाण थेट ठरते. मराठी माणूस मात्र थेट म्हणजे मध्ये कुठेही न थांबता असेच समजतो. एसटीच्या फलकांवर वर्षानुवर्षे झळकणारा ‘विनाथांबा’ हा नेमका शब्द हाताशी असताना तिकिटांच्या जाहिरातींनी तो उचलू नये, हे खटकते. परदेशातल्या मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांना मध्यरात्री अनोळखी विमानतळावर ‘इथे सामान घेऊन उतरायचे की बसून राहायचे’ हा प्रश्न पडतो, तो याच शब्दामुळे.

अंतराचा आकडाही वाटतो तितका स्थिर नाही. पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तानावरून पश्चिमेला न जाता सिंध, अफगाणिस्तान, रशिया, सेंट पीटर्सबर्गचा परिसर आणि आइसलँड असा उत्तरेकडून वळसा घेतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, आणि १२,५०० किलोमीटर हे त्या दोऱ्याचे माप. विमान वारे, वादळे आणि देशोदेशींच्या परवानग्या पाहून उडत असल्याने प्रत्यक्ष कापलेले अंतर त्याहून जास्तच भरते. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो, केवळ हवेतला नव्हे. परतीच्या प्रवासात पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी असल्यामुळे तो वेळ कमी लागतो.

परवानग्यांचे महत्त्व अलीकडच्या वर्षांत फार वाढले. २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश जवळपास बंद होते. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी कंपन्यांना आपले आकाश बंद केले, भारतीय कंपन्यांना मात्र ते खुले राहिले. एप्रिल २०२५ मध्ये उलट घडले: पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना मनाई केली, अमेरिकी कंपन्यांना केली नाही. परिणामी त्याच दोन शहरांमधला मार्ग विमान कोणत्या देशाचे आहे यावर ठरू लागला, आणि अंतर-वेळेच्या कोष्टकांतला एकच आकडा सर्वांना लावणे चुकीचे झाले. भारतातून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विनाथांबा फेऱ्यांना तेव्हा इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. उड्डाण क्रमांक तोच असल्याने व्यवसायाच्या भाषेत त्या थेटच राहिल्या.