आधी चपाती बंद करू नका, टेस्ट करा

"गहू सोडून बघ, बरं वाटलं की समज सिलियाक" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. सिलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. महिनोन् महिने जुलाब, पोटफुगी, हिमोग्लोबिन कमी, कारण सापडत नाही म्हणून माणूस वैतागून चपाती बंद करतो, पण सिलियाकची टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडी शोधते, गहू बंद केला की त्या हळूहळू कमी होतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. सोबत टोटल आयजीए (रक्तातल्या आयजीए प्रकारच्या अँटीबॉडींचं एकूण प्रमाण) पण करायला सांगा, तेच मुळात कमी असेल तरी रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊन फसगत होते. आणि एंडोस्कोपीत आतडं वरवर नीट दिसलं तरी बायोप्सी घेतली का, हे प्लीज विचाराच. निदान झाल्यावर ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आहेच, फक्त हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलंय का बघा.