वरळीतले दोन सामने आणि पुढच्या हंगामाचा अंदाज

४ ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन संघ भारतात पहिल्यांदाच एकमेकांविरुद्ध उतरले: इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर, त्यामुळे या दौऱ्यात थोडा घरी परतल्याचा भावही होता. पहिला सामना खास शाळकरी मुलांसाठी ठेवलेला. तो बरोबरीत अडकला, जादा वेळ द्यावा लागला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने तो मारला. दुसऱ्या दिवशी तेच मैदान, तेच दोन संघ. पेसर्स १३०, किंग्ज १०६.

एका गुणाचा फरक, आणि चोवीस तासांनी चोवीस गुणांचा. हंगाम सुरू व्हायला जेमतेम तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी आलेलं मूल घरी जाऊन सांगणार, दोघेही तोडीस तोड आहेत. दुसऱ्या दिवशीचा प्रेक्षक सांगणार, किंग्जचं या वर्षी काही खरं नाही. सरावाच्या सामन्यांत प्रशिक्षक राखीव खेळाडूंना आजमावून पाहतात हे खरं, पण तेवढ्याने ही तफावत उलगडत नाही. प्रत्यक्ष हंगामात, करोनाने घोळ घातला तरी, पेसर्सनी ४५ जिंकले आणि २८ हरले. किंग्जनी ३१ जिंकले आणि ४१ हरले. सामन्यामागे सरासरी गुणफरकाने (केलेले गुण वजा खाल्लेले गुण) मोजलं तर दोघांतलं अंतर चारेक गुणांचं निघालं. एक आणि चोवीस यांच्या मध्ये कुठेतरी, पण एकच्या बरंच जवळ.

पुढच्या हंगामात कोणता संघ कुठे असेल हे सांगण्याचं शास्त्र याच जागी सुरू होतं. डोळ्यांसमोर घडलेल्या निकालात संघाचं बळ किती आणि नशीब किती, हे वेगळं काढायचं.

नशीब म्हणजे नेमकं किती, ते मोजता येतं. हल्ली एनबीएतला एक संघ सामन्यात सरासरी ३७ वेळा तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू फेकतो आणि त्यातले साधारण ३६ टक्के आत जातात. म्हणजे तेरा-एक बास्केट. आता नेमबाजांचं कसब अजिबात बदललं नाही असं धरा. फक्त प्रत्येक फेकीला ३६ टक्क्यांचा फासा पडतोय. संभाव्यतेचं साधं गणित सांगतं की या तेराच्या आकड्यात सामन्यागणिक तीनचा चढउतार सहज होणार. आज दहा, उद्या सोळा. तीन बास्केट म्हणजे नऊ गुण. दोन्ही संघांचे फासे एकत्र केले की गुणफरक बारा गुणांनी इकडे-तिकडे हलतो. चेंडू रिंगच्या कडेला लागून आत पडला की बाहेर, एवढ्यावर! एनबीएतल्या सामन्यांचे निकाल अपेक्षित फरकाभोवती साधारण याच बारा-एक गुणांच्या पट्ट्यात विखुरलेले दिसतात. त्यामुळे खरं अंतर चार गुणांचं असतानाही एक दिवस एक गुण आणि दुसऱ्या दिवशी चोवीस, यात अघटित काहीच नव्हतं.

सामने वाढले की हा गोंधळ निवळतो, पण हळूहळू. वर्गमुळाच्या चालीने. दोन सामन्यांच्या सरासरीत साडेआठ गुणांची अनिश्चितता उरते. पूर्ण ८२ सामन्यांनंतर ती सव्वा गुणाच्या आसपास येते. म्हणून मागच्या हंगामाची आकडेवारी हाच अंदाजाचा पाया. आता त्यातला कोणता आकडा घ्यायचा? बहुतेक जण गुणतालिकेतले विजय बघतात, आणि माझ्या मते गाडी तिथेच घसरते.

एका गुणाने जिंकलेला सामना आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना तालिकेत सारखाच दिसतो. अमेरिकेत बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी एक सूत्र मांडलं होतं: संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या धावांवरून त्याने किती सामने जिंकायला हवे होते ते काढायचं. त्या सूत्राचं रूप पायथागोरसच्या प्रमेयासारखं दिसतं, म्हणून नावही तेच पडलं. डॅरिल मोरी यांनी ते बास्केटबॉलला लावलं. बेसबॉलमध्ये २ असलेला घातांक इथे १४ च्या जवळ गेला, कारण बास्केटबॉलमध्ये गुण इतके होतात की थोडं सरस असणंही बहुतेक वेळा विजयात उतरतं. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यासाठी आणखी सोपा आडाखा आहे: ४१ विजय धरा, म्हणजे ८२ चे निम्मे, आणि सरासरी गुणफरकाच्या प्रत्येक गुणामागे २.७ विजय मिळवा किंवा वजा करा.

२०२१-२२ च्या फिनिक्स सन्सवर लावून पाहू. विजय ६४, पराभव १८, लीगमध्ये अव्वल. गुणफरक सामन्यामागे साडेसात. आडाखा सांगतो ६१, पायथागोरसचं सूत्र सांगतं ५९. म्हणजे तीन ते पाच विजय अटीतटीच्या शेवटांनी हातात घातलेले. त्या वर्षी चुरशीच्या सामन्यांत हा संघ फारसा हरत नव्हता, आणि लोक त्याला ‘जिंकण्याची सवय’ म्हणत होते. पुढच्या वर्षी विजय ४५. सगळा दोष नशिबावर टाकणं अन्यायाचं होईल. डेव्हिन बुकर दुखापतीमुळे ५३ सामनेच खेळला आणि हंगामाच्या मध्यात केव्हिन ड्युरँटसाठी मोठी अदलाबदल झाली. पण घसरणीचा काही भाग आधीच्या ६४ मध्येच लिहिलेला होता.

शेवटच्या दहा सेकंदांतल्या धैर्याची थोरवी मला कमी करायची नाही. ५ जून २०२५ च्या रात्री, अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात, पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन चेंडू घेऊन ओक्लाहोमा सिटीच्या बचावावर चालून गेला, उजवीकडे सरकला आणि ०.३ सेकंद उरले असताना त्याने फेकलेला चेंडू आत गेला. १११-११०. संपूर्ण सामन्यात पेसर्सची ती पहिली आणि एकमेव आघाडी. तो क्षण खराच मोठा होता. पण पुढच्या वर्षीच्या अंदाजात त्याचं वजन एका बास्केटएवढंच धरावं लागतं.

समजा, संघाचं बळ आपल्याला अगदी अचूक माहीत आहे. तरीही किती चुकू? बरोबरीचा संघ घ्या, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. ८२ नाणेफेकींत छापा सरासरी ४१ वेळा पडेल, पण साडेचारचा चढउतार स्वाभाविक. ३२ ते ५० मध्ये कुठेही संघ थांबला तरी आश्चर्य वाटून घेऊ नये. याचा अर्थ असा की ‘हा संघ ४७ सामने जिंकेल’ असं म्हणणाऱ्याने त्यासोबत पट्टा सांगितला नाही, तर त्याने अर्धंच सांगितलं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. हवामान खातं पावसाची शक्यता सांगतं तेव्हा आपण ती समजून घेतो. खेळाच्या बाबतीत मात्र एकच आकडा मागतो आणि तो चुकला की सांगणाऱ्याला मूर्ख ठरवतो.

इथवरचं गणित मागचा संघ पुढच्या वर्षीही तोच राहील असं धरून चाललं. तसं कधीच होत नाही. खेळाडू वयाने पुढे सरकतात. साधारण २७-२८ पर्यंत चढण, मग हळूहळू उतार. कोणी जातं, कोणी येतं. मग अंदाज बांधणारे संघाला मिनिटांत मोडतात. सामना ४८ मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे रोज २४० मिनिटांचं खातं. प्रत्येक खेळाडूच्या नावावर मिनिटं लिहायची, त्या मिनिटांत तो संघाला किती गुण मिळवून देतो ते लिहायचं आणि बेरीज करायची.

अवघड भाग दुसरा. एका खेळाडूचं योगदान कसं काढणार? तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला ते मोजणं, म्हणजे प्लस-मायनस, सोपं आहे पण फसवं. दिग्गजाच्या शेजारी खेळणाऱ्या सामान्य खेळाडूचा आकडाही फुगतो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. म्हणून हंगामातला प्रत्येक तुकडा, ज्यात मैदानावरचे दहा जण बदलले नाहीत, एक समीकरण म्हणून मांडतात. डावीकडे दहा नावं, उजवीकडे त्या तुकड्यातला गुणफरक. अशी हजारो समीकरणं एकत्र सोडवली की कोण कोणाच्या जिवावर होता ते थोडंफार उमगतं. जिथे पुरावा तोकडा, तिथे खेळाडूचा आकडा मुद्दाम शून्याकडे, म्हणजे सरासरीकडे ओढतात. कमी पुराव्यावर मोठा दावा करायचा नाही, हा संकोच गणितातच घातलेला.

वरळीतल्या त्या दोन संघांकडे परत येऊ, कारण पुढे त्यांच्यातच एक विलक्षण सौदा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पेसर्सनी डोमँटस सबोनिस किंग्जना दिला आणि बदल्यात प्रामुख्याने हॅलिबर्टन घेतला. हॅलिबर्टन तेव्हा एकवीस वर्षांचा. इतका गुणी पोर किंग्जनी सोडलाच कसा, असं पुष्कळांना वाटलं. त्या हंगामात किंग्जचे ३० विजय आणि पेसर्सचे २५. पुढच्या वर्षी किंग्ज ४८ वर गेले, सोळा हंगामांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पोहोचले, आणि त्यांचं आक्रमण दर शंभर ताब्यांमागच्या (ताबा म्हणजे संघाकडे चेंडू असतानाची एक पाळी) गुणांत तोपर्यंतच्या एनबीएच्या इतिहासात सर्वांत वरचं ठरलं. पेसर्स ३५, ४७, ५० असे चढत अंतिम मालिकेपर्यंत गेले.

एकाच तराजूत तोलायला गेलं तर हे गणित बसत नाही. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा व्हायला हवा होता. कारण मैदानात दिसतं. किंग्जकडे डिआरॉन फॉक्स होता. फॉक्स आणि हॅलिबर्टन, दोघांनाही चेंडू हातात असला की खेळ खुलवता येतो, पण चेंडू एकच. सबोनिस हा उंच मधला खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेजवळ उभा राहून चेंडू धरतो. फॉक्स त्याच्या अंगाला घासून धावत जातो, हातातल्या हातात चेंडू घेतो, आणि पाठलाग करणारा बचावपटू सबोनिसच्या खांद्यावर आपटून मागे राहतो. तिकडे हॅलिबर्टनला पूर्ण संघ चालवायला मिळाला. दोन खेळाडूंच्या बेरजेत न दिसणारी ही जुळणी, आणि ती पकडण्यात आजची मॉडेलं अजून कच्ची आहेत.

त्याचा सर्वांत ठसठशीत दाखला डेट्रॉइट पिस्टन्सचा. २०२३-२४ मध्ये १४ विजय, ६८ पराभव, सलग २८ सामने हरण्याची नामुष्की. गुणफरक उणे नऊच्या आसपास. आडाखा लावला तर १६-१७ विजय, म्हणजे नशिबाला बोल लावायलाही जागा नव्हती. सरासरीकडे कितीही सढळ हाताने ओढलं तरी पुढच्या वर्षीचा अंदाज पंचविशीत अडकला असता. झाले ४४ विजय, तिपटीहून जास्त. नवा प्रशिक्षक आला, केड कनिंगहॅम एका वर्षाने परिपक्व झाला, आणि त्याच्याभोवती लांबून मारणारे उभे केले गेले. त्यातल्या मलिक बीझलीने एकट्याने ३१९ थ्री मारले. बचावाला कनिंगहॅमभोवती गर्दी करणं परवडेना, त्याला आत वाट मिळू लागली. एका माणसाची नेमबाजी दुसऱ्याच्या नावावर गुण जमा करत होती.

हे सगळे आकडे हातात आले की संगणकाला अख्खा हंगाम हजारो वेळा खेळायला लावतात. ही माँटे कार्लो पद्धत. तिचं बीज १९४६ मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसलेल्या स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाच्या डोक्यात पडलं: डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजावी. प्रत्येक सामन्याची शक्यता काढायला बरेच जण एलो पद्धत वापरतात, तीच बुद्धिबळातली, जिच्यावर नागपूरच्या दिव्या देशमुखचं रेटिंग चढतं-उतरतं. रेटिंगमध्ये शंभर गुणांनी सरस असलेल्याला जिंकण्याची ६४ टक्के शक्यता. फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने बास्केटबॉलसाठी वापरलेल्या एलोमध्ये हंगाम संपला की प्रत्येक संघाचं रेटिंग एक चतुर्थांश सरासरीकडे ढकललं जायचं. मागच्या यशाचा पाव हिस्सा उधारीचा मानायचा, इतका साधा नियम, आणि तो चांगला चालायचा.

२२ जून २०२५. अंतिम मालिकेचा सातवा सामना. हंगामात ६८ विजय आणि जवळपास १३ गुणांचा विक्रमी सरासरी फरक असलेल्या ओक्लाहोमा सिटीला पेसर्सनी इथवर खेचून आणलं होतं. पहिल्या सात मिनिटांत हॅलिबर्टनचे नऊ गुण झाले. मग बचावपटूला चुकवायला त्याने उजवा पाय रोवला आणि तो कोसळला. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी अकिलीस कंडरा तुटली होती. पेसर्स १०३-९१ हरले, आणि २०२५-२६ चा पूर्ण हंगाम तो खेळणार नाही हे लवकरच जाहीर झालं. काही दिवसांत मायल्स टर्नर मिलवॉकीला गेला. वरळीच्या वेळच्या पेसर्स संघातला तो एक जुना खेळाडू.

वही उघडून खातं मांडलं तर हॅलिबर्टनची ३४ आणि टर्नरची ३० मिनिटं, २४० पैकी ६४ रिकामी. समजा, यातला एक खेळाडू दर शंभर ताब्यांमागे पाच गुणांचा आहे आणि त्याच्या ३४ मिनिटांत उणे एकचा खेळाडू आला. सामन्यामागे सव्वाचार गुण गेले, हंगामात अकराएक विजय. दोघांचं मिळून त्याहून जास्त. हॅलिबर्टनची बरीचशी मिनिटं अँड्र्यू नेमहार्डकडे जाणार हे उघड होतं. त्याच्या नावापुढे लिहायला आकडाही होता, चांगल्यापैकी. फक्त तो आकडा ज्या मिनिटांवरून काढलेला, त्यातल्या बहुतेक मिनिटांत त्याच्या शेजारी हॅलिबर्टन खेळत होता.